पडद्यावरचा तेलकट ठिपका

४ मे २००७, शुक्रवार

मॉनिटर गेला! चारच्या सुमारास एक निळी रेघ, मग जळक्या रबराचा वास, मग अंधार. नात वल्लरी अशी किंचाळली की सुनेने – शुभदाने – स्वयंपाकघरातून धावत येऊन आधी माझी नाडी पाहिली.

वल्लरी त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळते. दहावीची परीक्षा झाली आहे, सुट्टी तिच्या हक्काची आहे. शोक मात्र मी तिच्याहून अधिक केला – तोंड न उघडता. कारण या वहीखेरीज कोणास ठाऊक नाही : मला पोथी दिसत नाही! उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्यात त्याचा धाकटा भाऊ. पोथी जीर्ण झाली म्हणून देवव्रताने, माझ्या मुलाने, तिच्या पानांचे फोटो काढून संगणकात ठेवले आहेत. ते मोठे करत नेले की एकेक अक्षर सुपारीएवढे होते. घरात कोणी नसताना पडद्याला नाक लावून अध्याय पाठ करायचा आणि दुसऱ्या दिवशी देवळात पोथी समोर धरून तो 'वाचायचा', हा बेत. दोन महिने सराव चालू होता. सतरा तारखेस अधिक महिना लागतो. आजवरचे दहा अधिक महिने देवळातले पोथीवाचनाचे आसन माझे आहे!

शस्त्रक्रियेचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. आत्मा अच्छेद्य आहे हे मी चाळीस वर्षे शिकवले. डोळ्याविषयी तशी हमी कोठे आढळली नाही.

५ मे

"हा तेलकट ठिपका रोज कोण करतं?" – मृत मॉनिटर पुसताना वल्लरी.

मी मांजरीचे नाव घेतले. मांजर तेथेच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले.

६ मे

घरात दोन संप्रदाय झाले.

वल्लरीस पुन्हा पिक्चर ट्यूबचाच हवा, सतरा इंची. "एलसीडीवर गाडी वळली की मागे फराटा उमटतो, आजोबा! सारवल्यासारखा!" शुभदास हलका, पंधरा इंची एलसीडी हवा. सावित्री नदीचे पाणी पेठेत शिरले की आमचे बिऱ्हाड माळ्यावर चढते. दोन वर्षांपूर्वी देवव्रताने तो मॉनिटर उचलला आणि पुढे महिनाभर त्यालाच उचलावे लागले. "तो धोंडा परत आणलात तर पुरात तुम्ही उचलायचा, आबा." देवव्रत रात्रपाळी करून आला होता. म्हणाला, "कोणताही आणा, पण मला झोपू द्या."

मी वल्लरीच्या बाजूस गेलो. सतरा पंधराहून मोठे, एवढे गणित मला पुरेसे होते. परंतु सांगण्याजोगे कारण हवे! म्हणालो, जड वस्तूस स्थैर्य असते आणि स्थैर्य हे सत्त्वगुणाचे लक्षण.

"मग पाटा-वरवंटाच ठेवा ना टेबलावर," शुभदा म्हणाली.

सुनेस न्यायशास्त्र कोणी शिकवले?

९ मे

आमोदच्या दुकानात जाऊन आलो. माझा विद्यार्थी. संस्कृतात दोनदा नापास झाला, त्यामुळे भरभराट झाली. दोन्ही मॉनिटर शेजारी मांडले. वल्लरीने गाडी पळवली. ट्यूबवर गाडी गाडीसारखी दिसली. एलसीडीवर खरोखरच फराटा! तिचा चेहरा उजळला.

मग मी सहज विचारल्यासारखे करून देवनागरी मजकूर मोठा करावयास सांगितले. ट्यूबवर अक्षरे थरथरत होती, झपाटल्यासारखी. एलसीडीवर – निश्चल! समाधिस्थ! मी जवळ सरकलो. आणखी जवळ.

"गुरुजी, आत जाताय की काय?" – आमोद.

नातीचा खेळ की माझे आसन? लिहिताना लाज वाटते, पण मी एका श्वासात पक्ष बदलला. "पूर येतो. हलकाच बरा." वल्लरी भांडेल म्हणून तीन प्रतिवाद योजून ठेवले होते. ती एलसीडीच्या काचेकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"एलसीडीच द्या, आमोदकाका."

तिन्ही प्रतिवाद वाया गेले.

१७ मे

अधिक महिना लागला. पहिला अध्याय 'वाचला'. एक अक्षर चुकले नाही. देव फसला की नाही हे त्याचे तो जाणे, मंडळी फसली.

१९ मे

वल्लरी हल्ली खेळतच नाही. "फराटे बघून डोकं दुखतं," म्हणाली. मन खाऊ लागले. अध्याय मात्र उरकून घेतला.

२४ मे, गुरुवार

महाअनर्थ! काल दिवसभर भारनियमन. वीज नाही, पडदा नाही, अध्याय नाही.

आज आसनावर बसलो आणि – रचला! विदर्भाचा एक राजा घेतला, त्यास दोन राण्या दिल्या, एका चिडक्या ऋषीकडून त्याचे बेडूक करविले, आणि अधिक महिन्यात नदीत बुडी मारताच उद्धरला. उद्धार बेडकासाठी फारसा कष्टाचा नव्हता. पोलादपूरकडच्या ठमाबाई पुढेच बसतात. त्या पदराने डोळे पुसत होत्या. मी उत्साहाने पान उलटले.

"गुरुजी, देव डोक्यावर उभा हाय तुमचा!"

पानावर विष्णूचे चित्र. पोथी उलटी धरली होती!

"ठमाबाई, पुरुषोत्तमास शीर्षासन येत नाही असे समजू नका."

"येऊ दे की! पन तुमी वाचताव कसं?"

देऊळ हसले. मीही हसलो, घामाने भिजून. अनरशांचा डबा घेऊन आलेली वल्लरी तेवढी हसली नाही. निघताना ठमाबाई म्हणाल्या, "आजचा राजा लय ग्वाड हुता. उद्या त्याचंच वाचा."

देवाची थट्टा आयुष्यभर केली, ती आमच्या दोघांतली होती. ठमाबाईंचे अश्रू मात्र खरे होते.

२६ मे, शनिवार

संगणक लावला. पोथीच्या जागी कोरे पान, त्यावर भोपळ्याएवढी अक्षरे – नाक न लावता वाचली :

"आजोबा, परवाचा राजा पोथीत नाही. मी सगळी पानं शोधली. आणि ठिपका दुकानातल्या पडद्यावरही होता. तिथे मांजर नव्हती. डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी अकराला येतात, मी बरोबर येईन. तोवर देवळात पोथी घेऊन मी शेजारी बसते. मी हळू वाचीन, तुम्ही मोठ्याने म्हणा."

मांजरीस बशीभर दूध दिले व क्षमा मागितली. गुरुवारी जाईन.