जुम्म्याचा भात

अण्णा, आज मुलानं माझ्यासमोर एक डबा आणून ठेवला. म्हाताऱ्या माणसांसाठीची भुकटी आहे म्हणे. दुधात ढवळून प्यायली की हाडं, डोकं, सगळं शाबूत. तो चमचा फिरवत उभा होता आणि मला तुम्ही दिसलात. बेस्तरवारची संध्याकाळ, अणदूरच्या आपल्या घराचं दार, शेरवानीवर रस्त्याची धूळ आणि काखेत तांदळाचं गाठोडं.

तुम्ही निजामाच्या कचेरीत कारकून. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची सुट्टी, म्हणून आदल्या संध्याकाळी तालुक्याहून घरी यायचात. लढाईचे दिवस होते. ज्वारी घरची, पण तांदूळ म्हणजे सणासुदीची चीज. कुठल्या कुठल्या ओळखी काढून तुम्ही तो मिळवायचात, आणि तोही फक्त तात्यांसाठी. तुमच्या वडिलांचे दात पडले होते, नांगर सुटला होता. "तात्या, लई कष्ट केले तुम्ही. आता मऊ खायाचं अन् निवांत बसायचं," असं म्हणून तुम्ही आईला ताकीद दिलीत. दोन्ही वेळा दूधभात, वर साखर. भाकरी बंद, भाजी बंद, रानात जाणंही बंद. आम्हा पोरांना त्या पांढऱ्याशुभ्र ताटाचा कोण हेवा वाटायचा!

तात्या निमूट जेवायचे. पण पाय काटकुळे झाले, दिवसभर डोळे मिटून पडायला लागले. मला आत्याच्या नावानं हाक मारायचे आणि मीही हसून ओ द्यायची. मग तो जुम्मा आला. तुम्ही त्यांच्याजवळ ताट घेऊन बसलात आणि ते तुमच्याकडे निरखून बघत म्हणाले, "पाव्हणं कुठलं म्हनायचं?" तुम्ही आधी हसलात. मग गोठ्यामागे गेलात. मी तुमच्या मागोमाग आले होते हे तुम्हाला कधीच कळलं नाही. तुम्ही बाहीनं डोळे पुसत होतात. माझे वडील रडू शकतात हे मला तेव्हा कळलं, आणि मी फार घाबरले. पुढच्या खेपेला तुम्ही दुप्पट तांदूळ आणलात. तुमच्याकडे दुसरा इलाजच नव्हता, अण्णा, आता त्याचं मला हसूही येतं आणि भरूनही येतं.

त्या थंडीत येळवस आली. अमावास्येला अख्खं गाव रानात जेवतं, मग तात्यांना घरी कसं ठेवायचं? बैलगाडीत गोधडी घालून त्यांना नेलं. कडबा उभा करून केलेल्या कोपीपुढं पंगत बसलेली आहे, आईच्या भज्जीला वास सुटलाय. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, वांगी, गाजरं, वरून चिंच आणि बेसन, सगळं शिजून लोण्यासारखं मऊ झालेलं. तुम्ही मात्र तात्यांसाठी घरून दूधभात बांधून आणलाय. शेजारच्या रानातले चाचा ते बघून कपाळाला हात लावतात. "या अल्ला! येळवशीला भात? आवो, आजारी हायत का तात्या?" आणि बाजरीचा उकडलेला उंडा ताकाच्या आंबिलात कुस्करून, त्यावर भज्जी घालून वाटी थेट तात्यांच्या हातात देतात. तुम्ही "दात न्हाईत त्यांना" म्हणेपर्यंत निम्मी वाटी संपलेली.

एका जेवणानं कुणी तरुण होत नाही. पण आईनं ते धरून ठेवलं. रोज कुस्करलेली भाकरी, डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी ताकात कालवून. तात्या आधी गोठ्यापर्यंत, मग बांधापर्यंत चालायला लागले, चाचांशी भांडायलाही लागले. शिमग्याच्या सुमारास तुम्ही दारात आलात तर आतूनच म्हणाले, "आलास व्हय रं? वाळलास की." तुम्ही उंबऱ्यावरच बसलात. "तात्या, भात नको हुता तर बोलला का न्हाईत?" ते म्हणाले, "तू इतक्या हौसेनं आनत हुतास. कसं न्हाय म्हनू?" त्यानंतरही जुम्म्याला तेवढा मूठभर भात ते आईला टाकायला सांगायचे, तुम्ही समोर असताना खायला.

मी आता तात्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी झाले. डॉक्टर जे खा म्हणतात ते सगळं आईच्या भज्जीत होतं, चार माणसांत बसून जेवा म्हणतात तेही. ते मी सोडलेलं नाही. जवस अजून स्वतः भाजते आणि रोज संध्याकाळी मारुतीपर्यंत चालून येते. माझी तब्येत डब्यामुळे ठणठणीत राहील असं मुलाला वाटतं, वाटू दे. हे पत्र कुठल्या टपालात टाकायचं ते काही मला ठाऊक नाही, म्हणून जवसाच्या बरणीखाली ठेवतेय. एक मात्र कबूल करते, अण्णा. भुकटीला खडूची चव आहे. आज मुलानं विचारलं, "आवडलं का?" आणि मी आणखी अर्धा पेला मागून घेतला.