समजा, पाणी सोडलं नसतं

बाई, तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली. मी आता नाशिकरोडला बी.एड.च्या मुलामुलींना शिकवते. लहान मूल डोळ्यांसमोर जे असतं त्यावरून विचार करतं आणि मोठं होताना जे घडलेलंच नाही तेही गृहीत धरून विचार करू लागतं, अशा विचाराच्या वाढीच्या पायऱ्या. काल एका विद्यार्थिनीनं तिचा अहवाल आणला. नववीतल्या एका मुलाबद्दल शेवटी लिहिलं होतं, 'अमूर्त विचाराची अवस्था अद्याप गाठलेली नाही.' हेच वाक्य मी तुमच्या शाळेत लिहिलं होतं. तिला म्हटलं, आधी त्याच्या घरी जाऊन ये. ती का म्हणून विचारत होती, आणि मला सांगता येईना.

सायखेड्याजवळच्या तुमच्या शाळेत मी माझं बी.एड. करताना सरावपाठ घ्यायला आले होते. तुम्ही नववीच्या वर्गशिक्षिका. एका विद्यार्थ्याच्या विचार करण्याच्या पद्धतीचा अभ्यास करायचा होता, म्हणून मी खिडकीजवळची ती मुलगी निवडली. गणितात हुशार, बोलायला मोजकी. भूगोलाचा तास आहे, फळ्यावर मी गोदावरी काढली आहे. मी तिला उभं करून विचारते, "समजा, गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलंच नसतं, तर काय झालं असतं?"

"पण सोडलं ना, मॅडम."

"हो, पण समजा, नसतं सोडलं."

"सोडलं ना पण."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी बस म्हणायच्या आधीच ती खाली बसली. मी वहीत ते वाक्य लिहिलं. उदाहरण हाती लागलं म्हणून मला आनंदच झाला होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. स्वयंपाकघरात मी मेथी निवडत होते आणि तुम्ही ओट्याला टेकून माझी वही वाचत होतात. वाचून झाल्यावर तुम्ही गॅस बंद केलात. "तिचे वडील नदीवरची पाणी उपसायची मोटार काढायला गेले होते. पाणी वाढलं, ते परत आलेच नाहीत."

"मला कुणी सांगितलं नाही, बाई."

"तू कुणाला विचारलंस?"

तुमचा आवाज चढला नव्हता. जेवायला वाढताना मात्र तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत.

सोमवारी मी तिला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. चुकलं म्हणाले. तिनं बाटली भरून घेतली, झाकण लावलं आणि म्हणाली, "मला समजा येतं, मॅडम. लय वेळा केलंय. बाबा गेले नसते तर. मोटार आदल्या दिवशीच काढली असती तर. मी दोर धरायला संगं गेले असते तर. एकेक बदलून पाह्यलं, मग दोन-दोन बदलून पाह्यलं."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग?"

"बाबा तर गेलेच असते, मोटार नवी होती. आदल्या दिवशी पाणी येणार हे कुणालाच ठाव नव्हतं. म्हणजे मीच उरते. मी गेले असते तर जमलं असतं."

"तसं नसतं गं," मी म्हणाले. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, सगळ्या शक्यता तपासायच्या. पुस्तकात जी सगळ्यात वरची पायरी सांगितली होती, तिथे ती मुलगी चौदाव्या वर्षी एकटी बसली होती, आणि तिथून तिला खाली कसं आणायचं हे पुस्तकात नव्हतं. ती वर्गात गेली. त्यानंतर माझ्या तासाला तिनं तोंड उघडलं नाही. दहावीनंतर ती मामाकडे नांदगावला गेली एवढंच कळलं.

त्या शनिवारी मी निघताना तुम्ही म्हणाला होतात, अहवालात ते वाक्य खोडून खरं ते लिही. पुढच्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "लिहिलंस?" मी हो म्हणाले. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. वर्षभरात तुम्ही गेलात.

बाई, मी लिहिलं नव्हतं. अहवाल सुवाच्य अक्षरात पुरा झाला होता, दोन दिवसांनी द्यायचा होता, पानं पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला. तो तसाच दिला. त्या वाक्याशेजारी आमच्या बी.एड. कॉलेजातल्या सरांनी लाल शाईनं शेरा मारला, 'उत्तम निरीक्षण'.