कीर्तीचा पेपर

१८ फेब्रुवारी
पाचवीची परीक्षा सुरू. यंदापासून देशभर एकच अभ्यासक्रम, एकच पेपर. आमची शाळा हिंदी राज्यातली, माध्यम मराठी, पण मराठी पुस्तकं शेवटपर्यंत आलीच नाहीत. हिंदीतूनच ओढत नेलं. गावातल्या मुलांचं निभतं, आमच्या या सिंधीपुरा मोहल्ल्यात निम्मं बोलणं हिंदीच. काळजी एका कीर्तीची. वडील गेल्यावर दिवाळीनंतर रावेरकडून आईबरोबर इथे जवळ फोपनारला आजोळी आली, तिथून रोज शाळेत येते. तिकडे मराठीत पहिला नंबर असायचा. इथे फळ्याकडे बघत बसते.

२० फेब्रुवारी
आज चूक झाली. चूक की काय, कळत नाही.
पेपरात प्रश्न होता, शिक्षा का अधिकार किसे है. कीर्ती उभी राहिली. "मॅडम, शिक्षा करायचा अधिकार म्हणजे छडीचा का?" कुणी हसलं नाही. मी बोलून गेले, "अगं, शिक्षा म्हणजे शिक्षण." चांगलं मोठ्याने. वर्गातल्या तेवीस मुलांनी ऐकलं. दारात निरीक्षक उभे होते, दुसऱ्या शाळेचे, त्यांनीही. माझं नाव विचारून वहीत लिहिलं. आडनाव दोनदा विचारलं.
घरी बोलले नाही. पोळ्या करपल्या.

२१ फेब्रुवारी
काही नाही. फोन वाजला, हातातलं टाकून धावले. दूधवाल्याचा होता.

२४ फेब्रुवारी
नोटीस आली. परीक्षेत मदत केली, तीन दिवसांत खुलासा द्या. तोवर माझ्या वर्गाचे पेपर तपासायचे नाहीत. म्हणजे तेवीस जणांचा निकाल माझ्यामुळे अडकला.
हेडसरांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, लिहा की मुलीने पाणी मागितलं, तुम्ही पाणी घे म्हणालात. निरीक्षक एकटे, आपण सगळे. मग आवाज उतरवून, "तुम्ही अतिथी शिक्षिका, वर्षापुरत्या. जूनमध्ये यादी पुन्हा निघणार. विचार करा."
केला. चार वर्षं दर जूनला हाच विचार करते.

२५ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. म्हणाले, पाण्याचंच लिही.
केतकी ऐकत होती. मला वाटलं लेक तरी माझ्या बाजूने बोलेल. म्हणाली, "आई, एकच पुस्तक असतं तर मला आठवी दोनदा करावी लागली नसती." खरं आहे. जळगावहून इथे आलो तेव्हा तिकडचं गणित वेगळं, इकडचं वेगळं. वर्षभर रडली होती पोर. आज अकरावीत आहे, विसरली नाही.
मी म्हटलं, पण कीर्तीला प्रश्नच कळला नाही. केतकी म्हणाली, मलाही कळत नव्हते, मला कुणी सांगितलं?
पुस्तक घेऊन आत गेली.

२६ फेब्रुवारी
पाण्याचा खुलासा लिहिला. सहीपाशी थांबले. उद्या मुलांना बोलावून विचारलं तर? बाकीची घाबरून गप्प बसतील. कीर्ती खरं सांगेल, तिला दुसरं येतच नाही. मग खोटी ती ठरेल, दहा वर्षांची.
फाडला. घडलं तसं लिहिलं, विचारल्यावर अर्थ मी सांगितला, ती मदत सगळ्या वर्गाला झाली. दिला. हेडसरांनी वाचून नुसता शिक्का मारला. माझ्याकडे बघितलं नाही.

५ मार्च
शिक्षण खात्याच्या ऑफिसात बोलावलं. बाकावर तासभर. साहेब सभ्य होते, त्याचीच जास्त भीती वाटली. पेपरांचा गठ्ठा टेबलावर, दोरी न सोडलेला. विचारलं, "आप एक पाठ्यक्रम के खिलाफ हैं?"
मी म्हटलं, पता नहीं सर.
खरंच माहीत नाही. नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं का? ते काहीतरी लिहीत राहिले. "ठीक है. समिती देखेगी." कधी, ते विचारायचा धीर झाला नाही.

११ मार्च
कीर्तीची आई शाळेत आली. सुरतेला भावाने शिवणकाम बघून दिलं आहे, पोरीला घेऊन जाते. टीसी हवा, शाळा सोडल्याचा दाखला. हेडसर म्हणाले, निकाल नाही तर टीसी नाही. ती माझ्याकडे आली. मी सगळं सांगितलं, माझ्यामुळे अडलंय हेही. वाटलं चिडेल. चिडली नाही. म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच सांगितलं. पन मॅडम, सगळीकडं एकच पुस्तक राह्यलं तर बरं. आज अठी, उद्या तठी. पोरीले दरवेळी नव्यानं शिकाले लागते." मग विचारलं, तिकडे कोणतं पुस्तक असतं, गुजराती का?
माहीत नाही म्हटलं. हे दुसऱ्यांदा.
जिच्यासाठी बोलले तिच्याच आईला एक पुस्तक हवंय. मग मी नक्की कुणासाठी बोलले?

१४ मार्च
ऑफिसात फोन केला, तीनदा. समिती बसलेली नाही. एका मुलीपुरता तरी पेपर सोडा म्हटलं. तसा नियम नाही.

१६ मार्च
सकाळी स्टेशनवर गेले. जायचं की नाही ठरत नव्हतं, कुणी बघितलं तर. गेले. हेडसरांकडून काल एक साधं पत्र मिळालं होतं, पाचवीला होती, निकाल बाकी. ते आईच्या हातात दिलं. चालेल का, तिने विचारलं. चालेल म्हटलं नाही, चालायला पाहिजे म्हटलं.
कीर्ती खिडकीत बसली. नवी वेणी घातलेली, दप्तर मांडीवर. विचारलं, भीती वाटते का?
"गाडीची नाही वाटत," म्हणाली.