फळीचं दुसरं टोक

पाचवं खोकं आलं. आत यंत्र, यंत्राभोवती फुगेवालं प्लॅस्टिक, आणि एक छापील फॉर्म. चिठ्ठी नाही, चिठ्ठीची शेपटीसुद्धा नाही. उलट मलाच विचारलंय, वस्तू हातात धरायला कशी वाटते, आवाज किती करते, पुसायला सोपी आहे का, योग्य चौकोनात खूण करा. चौदा महिने झाले तू या घरात पाऊल ठेवलेलं नाहीस आणि मी इथे चौकोनात खुणा करत बसू? फॉर्म मी दुधाच्या गरम पातेल्याखाली घातलाय, तिथे तो बरा कामाला आला. माझं म्हणणं त्या चौकोनांत मावत नाही. वहीची पानं फाडून लिहितेय. अक्षर लागत नसेल तर डोळे फाडून वाच, पण मधलं गाळू नकोस.

प्रिय पोरी,

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. तुझ्या बापाच्या, माझ्या लेकाच्या, पन्नाशीला ती टेबलावरची विजेची करवत तू पाठवलीस, तिनं त्याची तीन बोटं नेली, म्हणून तू तोंड दाखवत नाहीस. घरोघरी लागणारी अवजारं आधी वापरून बघायची आणि कशी आहेत ते छापायचं, हे तुझं कचेरीतलं काम. तेही सोडून तू म्हणे खोकी भरायच्या खात्यात गेलीस. आता एका हातानं चालवता येतील अशा वस्तू निवडून निवडून धाडतेस. आणि त्यावर कडी म्हणून करवतीच्या कारखान्याकडे तक्रार केलीस की पात्यावरचं झाकण कच्चं होतं, तुटलं. त्यांचा तपासणीस येत्या गुरुवारी इथे येतोय. त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून टपालपेटीत न टाकता खोकी पोचवणाऱ्या माणसाच्याच हातात देतेय.

आधी यंत्रांचं सांगते. विचारलंयस, तर उत्तर घे.

पहिलं ते बरणीचं झाकण उघडणारं. बरणीच्या डोक्यावर बसवायचं, बटण दाबायचं, हात काढून घ्यायचा. ते घुंघुं करत आधी बरणी आवळतं, मग झाकण आवळतं, मग कट्कन आवाज येतो. पहिल्यांदा मला वाटलं बरणीच फुटली. रुंद तोंडाच्या बरणीला झकास. औषधाच्या बाटलीला लावलं तर बाटलीसकट गरगरत ओट्यावरून खाली गेलं आणि जमिनीवरही फिरत राहिलं, दारू प्यायल्यासारखं. तुझा बाप ते वापरतो, पण मी स्वयंपाकघरात नसताना. मी असले की बरणी माझ्यापुढे सरकवतो आणि खिडकीबाहेर बघतो, जशी काही ती बरणी आपल्या पायांनी आली.

दुसरी ती खिळ्यांची पाटी. दोन खिळे उभे, त्यांच्यावर बटाटा खोचायचा, म्हणजे धरायला दुसरा हात लागत नाही. ज्यानं केली त्याला डोकं आहे, पण स्वयंपाक त्यानं कधी केलेला नाही. खिळे गुळगुळीत, कांदा गोल फिरतो. तीन खिळे हवे होते. कळव त्यांना, एका म्हातारीनं सांगितलंय म्हणून. धुताना त्यातला एक माझ्या तळव्यात घुसला. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही खिळ्यांवर बुचाचे तुकडे खोचलेले. डाव्या हातानं कापलेले, वेडेवाकडे. 

तिसरा तो शर्टाची बटणं लावायचा आकडा. तारेचा फास काजातून घालायचा, बटण पकडायचं, ओढायचं. मी माझ्या स्वेटरवर करून बघितलं, तिसऱ्या खेपेला जमलं. त्याला सकाळच्या घाईत जमलं नाही. खालचं बटण लागेतो वरचं सुटलं. त्यानं आकडा खिडकीतून भिरकावला. मी चार जिने उतरून शोधला, खालच्या कुणाच्या सायकलीच्या टोपलीत पडला होता. परत त्याला दिला नाही. आता तो डोक्यातून घालायचे शर्ट घालतो. डेपोतला साहेब चालवून घेतो, कारण आता त्याला बघतंय कोण. बावीस वर्षं बस चालवली, एक आरसा फोडला नाही, आणि आता हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे बसतो. छत्र्या, डबे, एकेकटी चप्पल. परवा कुणी दातांची कवळी विसरून गेलं. ती न्यायला आलेला माणूस तोंडावर हात धरून बोलत होता आणि हा त्याला विचारतोय, ओळख पटवा. हे सांगताना हसला. तो इतक्या दिवसांनी हसतो की मला वार लक्षात राहतो. मंगळवार होता. पत्ता डाव्या हातानं लिहितो, शाईत पडलेलं झुरळ कागदावरून चालत गेल्यासारखा. मी म्हटलं, चौथी शिकलेलीचं अक्षर तुझ्याहून बरं. त्यावर हसला नाही.

चौथा भिंगाचा दिवा. माझ्या नावानं होता. उजेड पांढरा, मान हवी तशी वळते, बूड जड आहे त्यामुळे कलंडत नाही. सुईत दोरा एका झटक्यात जातो. वाईट इतकंच की तो सगळंच मोठं करून दाखवतो. एका दुपारी मी बाहेरून आले तर तुझा बाप त्या दिव्याखाली उजवा हात ठेवून बसला होता. अंगठा आहे, करंगळी आहे. मधे टाके घातलेली कड आहे, पोत्याचं तोंड शिवल्यासारखी. बंद पडलेल्या बसचं इंजीन बघावं तसा बघत होता, शांत, कुठे काय गेलंय त्याचा अंदाज घेत. माझी चाहूल लागली तसा दिवा बंद केला आणि म्हणाला, बल्ब चांगला आहे.

आता हे पाचवं, टेबलाच्या कडेला बसवायचा शिकंजा. दांडा फिरवला की दोन जबडे जवळ येतात आणि मधली वस्तू धरून ठेवतात. पाचांत हाच खरा. ओतीव लोखंड, जबड्यांना रबर, लाकडावर वळ उठत नाही. मी लाटणं आवळून बघितलं, दोन्ही हातांनी ओढलं, हललं नाही. यात खोट काढायची म्हटली तरी मला काढता येत नाही, आणि तुला माहीत आहे, खोट काढण्यात मी कधी कमी पडत नाही.

तुझे आजोबा असते तर त्यांनी मला घालवून यालाच घरात घेतलं असतं. सुतार माणूस, हाताखाली ठेवायला गडी परवडत नव्हता, मग बायको कशाला आणली. लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी फळीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि करवत चालवायला लागले. तेव्हापासून दुसरं टोक माझं. तुझा बाप पोटात असतानाही धरलंय. त्यात एक खुबी असते. कापत कापत शेवटची वीतभर फळी राहिली की तिची चीर मिटायला लागते आणि करवत आत आवळून बसते. तेव्हा दुसऱ्या टोकाच्या माणसानं आपलं टोक जरासं वर उचलायचं, म्हणजे चीर उघडी राहते. सांगावं लागता कामा नये. करवतीचा आवाज बदलला की हात आपोआप उचलला जायला हवा. माझा जायचा. तेवढ्या एका बाबतीत त्यांनी माझी तारीफ केली, तीही शेजाऱ्यांकडे. शिकंजा दमत नाही, त्याला पान्हा फुटत नाही, आणि तो बोलत नाही. हे तिसरं सगळ्यांत मोठं.

तुझी करवत आली तेव्हा तुझा बाप पोरासारखा खूश झाला. कामावरून यायचा, चहा उभ्यानं प्यायचा की मागच्या खोलीत. तुझी आई गेल्यावर मी त्याला असं कशात गुंतलेलं बघितलं नव्हतं. पहिल्यांदा एक मोडकंतोडकं स्टूल केलं, मग बऱ्यापैकी स्टुलं केली. लांब फळी असली की मला हाक मारायचा आणि मी दुसरं टोक धरायला जायचे. तू फोनवर त्याला दर वेळी बजावायचीस, झाकण पात्यावर असल्याशिवाय बटण दाबू नका. तो हो म्हणायचा.

चौदा महिने ती करवत चादरीखाली होती. गेल्या रविवारी सकाळी मागच्या खोलीतून ठोकल्याचा आवाज आला. चहा घेऊन गेले तर चादर बाजूला, तुझा बाप जमिनीवर मांडी घालून, डाव्या हातात हातोडी. झाकण ज्या लोखंडी पट्टीला बसतं ना, ती पट्टी तो ठोकून वाकवत होता. नेम लागत नव्हता. दोन घाव पट्टीवर, तिसरा फरशीवर, चौथा स्वतःच्या गुडघ्यावर. मला बघून म्हणाला, गंज काढतोय. हातोडीनं गंज काढणारा हा पहिलाच. मी चहा ठेवला आणि बाहेर आले. तुझ्या तक्रारीच्या कागदाची नक्कल त्याच्या खिशातून डोकावत होती. तो नसताना मी ती वाचली. दोन दिवस लागले, पण वाचली. त्यात तू लिहिलंयस की हे यंत्र मी स्वतः तपासलं होतं, झाकण भक्कम आहे असं मीच छापलं, चूक माझीही आहे, माझ्यावरही जी कारवाई करायची ती करा. आणि तुझा बाप ती पट्टी वाकवत होता, कारण तपासणिसाला ती सरळ दिसली असती आणि स्क्रूची भोकं धड दिसली असती.

झाकण तुटलेलं नाही, पोरी. ते मी काढलं. भुशानं प्लॅस्टिक धुरकटलं होतं आणि माझ्या डोळ्यांना पलीकडून कापायची रेघ दिसत नव्हती. दोन स्क्रू, पाच मिनिटांचं काम. तुझा बाप म्हणाला, आई, ते परत लाव, पोरीनं बजावलंय. मी म्हटलं, तुझा बाप जन्मभर उघड्या पात्याशी काम करत होता आणि दहाच्या दहा बोटं घेऊन सरणावर गेला, तुला मात्र काचेची पेटी लागते. आणखीही बोलले, ते लिहीत नाही. त्यानं बटण दाबलं. माझ्याच औषधांसाठी लाकडी मांडणी बनवत होता. शेवटची वीतभर फळी राहिली, आवाज बदलला, आणि माझा हात आपोआप वर गेला. हातानं चालवायच्या करवतीला ते लागतं. या करवतीवर टोक उचललं की फळी पात्यावर चढते. ती उसळली आणि तिच्या पाठोपाठ त्याचा हात पुढे पात्यावर गेला. झाकण असतं तर हात झाकणावर आपटला असता. इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. मी उशाशी उभी होते. तो म्हणाला, झाकण तुटलं. जन्मभर जिभेला लगाम घातला नाही, तो तेवढ्या वेळी घातला. त्यानंतर त्यानं हा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. तू मात्र तिकडे रोज स्वतःला फाडून खात राहिलीस, आणि मी तुझ्या वस्तू फुकट वापरत राहिले. झाकण या पत्रासोबत धाडलेल्या खोक्यात आहे, स्क्रूसकट, एक चरासुद्धा नाही. उजेडात धरून बघ. तुझी करवत चांगली होती आणि तू जे छापलंस ते खरं होतं. तक्रार आजच मागे घे, त्या तपासणिसाला इथे येऊ देऊ नकोस. तो आला तर तुझा बाप माझ्यासाठी त्याच्या तोंडावर खोटं बोलेल आणि मग ते कागदावर चढेल. हे पत्र गेलं की तो डेपोतून यायची वाट बघणार आहे, आणि तुला लिहिलं ते त्याला तोंडानं सांगणार आहे. मला माफ करायचं की नाही ते तुम्ही दोघं बसून ठरवा, मला त्यात घेऊ नका. याचं उत्तर मला पाठवायचं नाही. ते तू द्यायचंस, फोनवर नाही, दारात उभं राहून, आणि तुझ्या बापाला.

तुझीच, जशी आहे तशी,
आजी