टाकीजवळचा कोपरा आणि माझा पालक

१४ डिसेंबर, मुलुंड
सोसायटीच्या गच्चीवरचा टाकीजवळचा उन्हाचा कोपरा कुणाला, ते सव्वीस जानेवारीला ठरणार. ज्याचा पालक चांगला, कोपरा त्याचा. कोपरा मला हवाच. समोर कोण, तर बी विंगच्या पद्मजाबाई. पालकाला तांदूळ धुतलेलं पाणी घालणारी बाई. नायट्रोजन कशाशी खातात ते माहीत नाही. मी आज पेरला. त्यांनीही पेरला, माझं बघून.

२ जानेवारी
माझी रोपं हिरवी. बाईंची पिवळट. नायट्रोजन कमी पडतोय, सरळ आहे. सांगितलं नाही. मी काय फुकट सल्ला केंद्र उघडलंय?
आजपासून माझं खत सुरू. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश. पाकिटावर लिटरला एक ग्रॅम लिहिलंय. ते सामान्य लोकांसाठी. मी दहा घेतले. बायको, रेवती, म्हणाली, चष्मा लावा. लावलेलाच होता.

७ जानेवारी
पानांच्या कडा करपल्या. पोटॅशची कमतरता, पुस्तकात हुबेहूब असंच चित्र आहे. पुन्हा खत दिलं.

१० जानेवारी
मातीवर पांढरा थर. बाईंनीच मीठ टाकलं असणार. सेक्रेटरी राजेशच्या मागे लागून गच्चीवर कॅमेरा बसवून घेतला. तो म्हणाला, काका, पालकासाठी कॅमेरा? म्हटलं, तत्त्वासाठी.

१३ जानेवारी, सकाळी ६
अर्धा पालक मेला. म्हणजे खतच विषारी. मग वाया कशाला घालवा? कालवलेलं दोन लिटर बाईंच्या पाण्याच्या पिंपात ओतलं. पिंप वीसएक लिटरचं, जवळजवळ भरलेलं. वाईट वाटलं नाही. कॅमेऱ्याची भीती नाही, तो चोरांसाठी आहे.

१८ जानेवारी
पुन्हा दोन लिटर कालवून ओतलं. बाईंचा पालक गडद हिरवा झालाय. मरणाआधीची तरतरी.

२३ जानेवारी
तिसऱ्यांदा ओतलं. बाईंची पानं तळहाताएवढी. विष हळूहळू चढतं.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं. परीक्षक जयवंतराव, कृषी खात्यातून निवृत्त. माझ्या कुंड्यांपाशी थांबून विचारलं, इथे काय लावलं होतं? कोपरा बाईंना गेला.
जयवंतरावांनी त्यांना खताचं विचारलं. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ते देवदत्त भाऊजींना विचारा. तीनदा सकाळी येऊन माझ्या पिंपात घालून गेले. राजेशने कॅमेऱ्यात दाखवलं मला."
जयवंतरावांनी प्रमाण विचारलं. सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. दहापट कडक खत, पिंपात दहापट पातळ झालं. म्हणाले, लिटरला बरोबर एक ग्रॅम, शाब्बास.
टाळ्या. बाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "स्वतःचा मेला तरी चालेल, पण माझा जगवलात. असा शेजारी कुठे मिळतो?"
विष घालत होतो असं म्हणायची सोय नव्हती. हात जोडले. अपमान गिळला.

२७ जानेवारी
बाईंनी दोन जुड्या पाठवल्या. रेवतीने पातळ भाजी केली. दोनदा वाढून घेतली, नाइलाजाने.
सोसायटीच्या फळ्यावर नोटीस: टाकीजवळच्या कोपऱ्याला दर पाच दिवसांनी खत, जबाबदारी देवदत्त. पहिली पाळी उद्या सकाळी सहाला.
खताचं पाकीट रेवतीने कपाटात ठेवून कुलूप लावलंय. ती मोजून देणार आहे.