हौसाची अर्धी पोळी

२१ जून १९५३
माझा धाकटा भाऊ धोंडू काल गावी परतला. पोर ठेवून गेला. हौसा, त्याची थोरली, नऊ वर्षांची. आमचं माहेरचं घर घाटमाथ्यावर, खाणारी तोंडं पाच, नाचणी पुरत नाही. मीच म्हटलं होतं, एक मला दे, इंदुरात शाळेत घालते. हे गेल्यापासून खोलीत बोलायला कोणी नाही, तेही होतंच.
हौसा चालताना डावी कंबर बाहेर काढते, कडेवर मूल नसलं तरी. लग्न होऊन आले तेव्हा मीही तशीच चालायची. हे हसायचे.

२६ जून
शाळेत नाव घातलं. पहिलीत. चिमण्या पोरांत ही ताडासारखी.
भांडी घासायला धावते. मी हातातून काढून घेतली. सांगितलं, इथे तुला काम नाही. खेळ, वाच. लहानपणी मला कुणी असं म्हटलं असतं तर

३ जुलै
जेवत नाही. अर्धी पोळी, बस. गव्हाची पोळी तिच्याकडे सणालाच. वाटलं, बुजली असेल. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. फरक नाही.

७ जुलै
शिलाईच्या मशीनवरून उठून बाहेर पाहिलं, तर शेजारच्या रामप्यारीबाईंचं बाळ हिच्या कडेवर. बाई कौतुकाने म्हणाल्या, "जीजी, छोरी रोज सँभालती है. मेरे यहाँ तो दो रोटी आराम से खा लेती है."
तिथे दोन, माझ्याकडे अर्धी. संताप आला. बाळ खाली ठेवायला लावलं. संध्याकाळी हौसाने ताटाला हातही लावला नाही.

८ जुलै
आज जवळ घेऊन विचारलं. मग म्हणाली, "आत्ती, तुज्याकडं काय कामच न्हाय. फुकाट कसं खाऊ?"
आमची आई भाकरी वाढताना आधी विचारायची, आज काय केलंस? मला हे ठाऊक असायला हवं होतं. विसरले कशी?

९ जुलै
नळाचं पाणी तिच्याकडे दिलं. कळशी थेट डाव्या कडेवर. तीन पोळ्या खाल्ल्या. बरं वाटलं, आणि नाहीही. मी तिला शिकवायला आणली की राबायला? हे असते तर विचारलं असतं.

२ ऑगस्ट
किराण्याच्या पुडीचा कागद घेऊन बसली. मीही अशीच शिकले, पुड्या सोडवता सोडवता. अक्षर अक्षर जोडून 'गूळ' वाचलं. मग खात्रीसाठी कागद चाटला. पुष्कळ दिवसांनी हसले.

१९ ऑगस्ट
धोंडू अचानक दारात. भावजय बाळंत झाली, मुलगा. तिचा ताप उतरत नाही, उठवत नाही. म्हणाला, "आक्का, पोर न्हेतो. दिवाळीला आणून सोडतो."
धोंडू जन्मला तेव्हा मलाही शाळेतून दिवाळीपर्यंतच काढलं होतं. ती दिवाळी काही आली नाही. ज्याला वागवून माझी कंबर वाकडी झाली, तो समोर बसून चहा पीत होता.
बोलून गेले, "तुझ्यापायी माझी शाळा सुटली, धोंडू."
बशी खाली ठेवून म्हणाला, "म्हून तर जगलो न्हवं मी."


२० ऑगस्ट
सकाळी हौसाने बापाला एकच विचारलं. "आता बाळ कुनाकडं हाय?"
"शांतीकडं."
शांती हौसाच्या पाठची, सहा वर्षांची. मी म्हटलं, मी येते गावी, बाळंतिणीचं करते. धोंडू म्हणाला, मग हिला हितं कोन बगंल? रामप्यारीबाई ठेवतील का, विचारायला हवं. की हौसालाही घेऊनच जावं, आणि मग तिची शाळा
धोंडू तिकिटं काढायला स्टेशनवर गेला आहे. किती काढणार ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.
हौसाने पाणी भरलं, केर काढला, पाटी पुसून भिंतीला लावली. जेवायला बसली आहे. एवढं काम करूनही पोळी अर्धी मोडून बाजूला ठेवली आहे.