आयव्हलिनच्या पुडिंगचा डबा आणि माझ्या भावाचे नाव

मी, हॅडली ऑगस्टस पिनॉक, वय एकाहत्तर, धंदा पत्रेकाम, राहणार डंकन्स, परगणा ट्रेलॉनी, जमैका, हा कागद माझ्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कान अधू आहेत, पण बहिऱ्यालाही मृत्युपत्र करता येते हे मी वकिलांना विचारून घेतले आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी आमिष दाखवलेले नाही. चीड मात्र आली आहे, आणि ती बहुतेक माझी मलाच आली आहे. चिडलेल्या माणसाचा कागद कायद्याला चालतो का, हे विचारायचे राहून गेले. याआधी मी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, मागचे परसू आणि त्यातली झाडे माझ्या पश्चात माझी एकुलती मुलगी मार्व्हा हिची. ती बर्मिंगहॅमला नर्स आहे. दर सुट्टीत येते, घर कधी विकणार नाही म्हणते, आणि छपराकडे बघून उसासा टाकते. तिला मोकळीक आहे. विकायचे तर विकावे. फक्त छप्पर गळते ते माझ्यामुळे नव्हे, ते सुताराचे काम आहे, हे गिऱ्हाइकाला सांगावे.

वरचे शेवटचे वाक्य लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचले. ते खरे आहे. तरी माझी सवय कशी आहे ते त्यातून दिसते, म्हणून खोडत नाही.

कलम २. पोस्टातल्या शिलकीतून माझी मूठमाती व्हावी, उरेल ते मार्व्हाचे. पेटी साधी असावी. तिच्यावर पत्र्याची नक्षी मारू नये. आणि पास्टरांनी मी सचोटीचा माणूस होतो वगैरे बोलण्याआधी खालचे चौथे कलम वाचावे, मग काय ते ठरवावे.

कलम ३. बोकड आणि रेडिओ शेजारच्या मिस पॅन्सीला. माझी बायको आयव्हलिन अंथरुणाला खिळली तेव्हा मिस पॅन्सीने सात आठवडे रोज सूप आणून दिले. रेडिओ तसाही बहुतेक तिच्याकडेच असतो.

कलम ४. पुडिंगचा डबा. हे कलम लांबणार आहे. वकील म्हणाले, डब्याला एक ओळ पुरे. वकिलांना कारण ठाऊक नाही.

हा डबा मी १९४९ साली, लग्नाच्या आदल्या आठवड्यात केला. गोल, वीतभर उंच, घट्ट झाकण, दोन बाजूंना कड्या. आयव्हलिनला म्हणालो होतो, यात बाहेरच्या पाण्याचा थेंब शिरला तर मला नवरा म्हणू नकोस. तिने छत्तीस नाताळ त्यात पुडिंग वाफवले. एकदाही ते ओले निघाले नाही. मी प्रत्येक नाताळला पाहुण्यांसमोर डब्यावर टिचकी मारून माझ्या कामाची तारीफ करत असे, आणि ती बशा पुसत असे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती गेली. मागे काचेची मोठी बरणी राहिली. मनुका, बेदाणे, सुके आलुबुखार, संत्र्याची साल, सगळे वाटून रम आणि लाल वाइनमध्ये तिने जानेवारीतच मुरत घातले होते. ती बरणी मी नऊ महिने दर रविवारी हलवली.

डिसेंबरात मार्व्हा आली. मी करते म्हणाली. मी म्हटले, तू बस, मी इतकी वर्षे बघतो आहे. खरे तर मी काहीच बघितले नव्हते. पुडिंग व्हायचे तेव्हा मी पुढच्या खोलीत असायचो.

डबा फळीवरून काढला तर बुडाच्या सांध्याला बाहेरून वळसा घालून काहीतरी वाळून, करपून दगडासारखे चिकटलेले होते. एवढी स्वच्छ बाई आणि हा मळ तिच्या नजरेतून कसा सुटला, असे म्हणत मी तासभर सुरीने खरवडून तो काढला. डबा चकाचक केला. मग लोणी आणि साखर फेटायला घेतली. माझा हात आयुष्यभर हातोडी मारत आला, पण पाऊण तासात दंड भरून आला आणि साखर तशीच कचकचत राहिली. रंगासाठी साखर जाळायची असते, ती पहिल्यांदा कडू झाली, दुसऱ्यांदा भांड्याला धरली. अंडी, लिंबाची किसलेली साल, पावाचा चुरा, पीठ, जायफळ आणि बरणीतली फळे, सगळे एकत्र केले. डब्याला लोणी चोपडले, वर कागद, वर झाकण. रॉकेलचा रिकामा डबा अर्धा पाण्याने भरून कोळशावर ठेवला आणि त्यात हा डबा सोडला. चार तास. पाणी आटले की उकळतेच घालायचे, गार घातले की पुडिंग बसते. चार तास मी स्टुलावरून हललो नाही.

बशीत उलटे केले. एक बाजू काळी, घट्ट, आयव्हलिनची. दुसरी बाजू लापशी.

मला वाटले पाणी जास्त झाले. दुसऱ्या दिवशी पाणी कमी घेतले, खाली वीट ठेवली. पुन्हा लापशी. मग झाकणाला दोष दिला, कागदाला दिला, शेवटी कोळसेवाल्याला दिला. चोवीस तारखेला तिसऱ्यांदा तेच झाले तेव्हा बरणी तळाला गेली होती. तिच्या हातची शेवटची फळे मी कोंबड्यांना घालत होतो. मी डाव भिंतीवर फेकला.

मार्व्हा दारात उभी होती. तिने विचारले, "डॅडी, कणीक लावली होती ना?"

"कसली कणीक?"

तोंडातून नको ते निघून गेल्यावर माणूस जसा बघतो, तशी ती बघत राहिली. मग खाली बसली आणि सांगू लागली. तिची आई दर नाताळला डबा पाण्यात सोडण्याआधी बुडाच्या सांध्यावर कणकेची वळी अंगठ्याने दाबून बसवत असे. आधी शेगडीच्या धगीला धरली की ती कडक व्हायची, मग पाणी अडायचे. मार्व्हाला चार वर्षांची असल्यापासून ताकीद होती की हे डॅडींना कळता कामा नये.

मी विचारले, "हे तिला कोणी शिकवलं?"

"एग्बर्टकाकांनी."

"आणि मला कोणी का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कधी कुणाला काही सांगता आलंय का, डॅडी?"

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मी भांडलो असतो.

उरलेल्या फळांचे चौथे पुडिंग तिने केले, लहानसे. कणीक तिने लावली, मी बघत बसलो. ते कोरडे निघाले. चव तिच्या आईचीच होती. मी दोन घास खाऊन बशी सरकवली.

आता एग्बर्टबद्दल. तो माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दुकान आम्हा दोघांचे होते. तो म्हणायचा, बुडाचा सांधा दोनदा मुडपून मग कथलाने झाळावा. मी पत्र्यावर पत्रा ठेवून नुसता झाळत असे, कारण त्यात निम्मा वेळ जायचा. १९५१ च्या नाताळाआधी चर्चच्या बायकांनी पुडिंगचे डबे करायला दिले. एका शनिवारी, दुकान भरलेले असताना, त्यांतले सात डबे परत आले. गळत होते. मी सांधे पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ही एग्बर्टची कामं आहेत. माझ्या हातचा डबा गळत नाही."

एग्बर्टने हातातली कात्री ओट्यावर ठेवली, टोपी घेतली आणि निघून गेला. गावाने त्याला पुन्हा काम दिले नाही. तो रिओ ब्वेनो बंदराच्या धक्क्यावर पोती वाहायला लागला आणि तिथेच त्याची पाठ गेली. चौतीस वर्षे आम्ही बोललो नाही.

म्हणून मी इथे स्पष्ट लिहितो: ते सातही डबे माझ्या हातचे होते. मला ते त्याच क्षणी कळले होते. पुढे मी ते विसरलो, आणि तो माझ्यावर जळतो असे इतक्यांदा सांगितले की मलाच ते खरे वाटू लागले. आयव्हलिन त्या दुकानात होती. सांधा कोणाचा हे तिला घरच्या डब्यावरून ठाऊक होते. ती काही बोलली नाही, घरी येऊन आधीच्या दोन नाताळांसारखीच कणीक मळू लागली. तिने मला सांभाळून घेतले म्हणून आभार मानावे की तेव्हाच तोंडावर सांगितले नाही म्हणून भांडावे, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि आता दोन्ही करता येत नाही.

जानेवारीत मी डबा घेऊन रिओ ब्वेनोला गेलो. एग्बर्ट ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होता. मी डबा पुढे ठेवला आणि सगळे बोललो. त्याने डबा उलटा करून सांध्यावरून बोट फिरवले.

तो म्हणाला, "मला काय सांगतोस? मला माहीतच होतं. ज्यांच्यासमोर बोललास त्यांना सांग."

मी म्हटले, त्यातले बरेच गेले.

"त्यांची मुलं आहेत."

मी म्हटले, मृत्युपत्रात लिहितो, सगळ्यांसमोर वाचले जाईल.

"म्हणजे तेव्हाही तू तिथे नसणार," तो म्हणाला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये, लोक उठून आपले अनुभव सांगतात त्या साक्षीच्या वेळी, मी उभा राहिलो. पाऊस चांगला झाला म्हणून देवाचे आभार मानले आणि खाली बसलो. पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहिलो आणि मिस पॅन्सीच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करायला सांगितली. पत्रा कापताना माझा हात कधी थरथरला नाही. तोंड मात्र दोनदा ऐन वेळी बंद पडले.

डबा मार्व्हाचा. मी सांधा नीट करायला घेतला होता, तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

कलम ५. दुकानातली सर्व हत्यारे, म्हणजे पत्र्याच्या तीन कात्र्या, ऐरण, लाकडी हातोडे, झाळायची तांब्याची कांब, वळणाचे साचे, माझ्या पश्चात एग्बर्ट पिनॉक यांची. त्यांची पाठ आता या कामाला साथ देणार नाही, हे मला कळते. तरी ती निम्मी आधीपासून त्यांचीच होती.

सही करण्यापूर्वी जोडलेला मजकूर. आज उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर मी लोकांना थांबायला सांगितले. मार्व्हा इंग्लंडला परतली आहे, पण तिने एग्बर्टला पत्र टाकले होते, आणि तो बसने आला होता. फाटकाशी उभा होता, आत आला नाही. मी चौथे कलम डब्यापासून शेवटापर्यंत स्वतः मोठ्याने वाचले. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता, म्हणून बहुधा ओरडूनच वाचले असेल. डबे परत आणणाऱ्या त्या बायकांपैकी एकीची मुलगी पुढच्या पायरीवर होती, ती मान वळवून फाटकाकडे बघत राहिली, मग बाकीचेही वळले. मला वाटले एग्बर्ट आता जाईल.

तो म्हणाला, "पुढचं कलम वाच."

मी पाचवे कलम वाचले.

"गुरुवारी येतो न्यायला," तो म्हणाला. "तू मरायची वाट बघत बसायला मला वेळ नाही."

त्यामुळे पाचवे कलम येत्या गुरुवारपासूनच लागू समजावे. वकिलांनी त्याचे काय करायचे ते करावे.

हा कागद मी वाचला, मला समजला, मला मान्य आहे.

हॅडली ऑगस्टस पिनॉक (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही केली. यात आम्हाला काहीही मिळणार नाही. मिस पॅन्सी यांना साक्षीदार व्हायचे होते, बोकडामुळे होता आले नाही.

साक्षीदार:
१. रॉयस्टन हे, चर्चचे डीकन (सही)
२. व्हर्ना क्लॅकन, शिक्षिका (सही)

ठिकाण: डंकन्स, ट्रेलॉनी
दिनांक: रविवार, १६ फेब्रुवारी १९८६